लिव्हरमधली साधी गाठ काढल्यावर दुखणं कायमचं थांबतं का?

सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली. पुढच्या तपासण्यांतून ती कर्करोगाची नाही हेही कळलं. पण उजव्या बरगडीखालचं दुखणं सुरूच आहे. अशा वेळी मनात एक हिशेब आपोआप मांडला जातो: गाठ आहे आणि दुखतंय, म्हणजे गाठच दुखतेय; ती काढली की दुखणं जाईल. यातली मधली पायरी नेहमी खरी नसते. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी माणूस आरामात आहे की त्याच तक्रारी घेऊन पुन्हा फिरतोय, हे मुख्यतः या मधल्या पायरीवर ठरतं. गाठ किती कुशलतेने काढली याचा वाटा त्यानंतरचा.

आजवर प्रसिद्ध झालेले अभ्यास एकत्र पाहिले तर दुखण्यासाठी किंवा जडपणासाठी शस्त्रक्रिया झालेल्या पाच जणांपैकी साधारण चौघांना आराम पडतो. आकडा चांगला आहे, पण तो वाचताना थोडी सावधगिरी हवी. यातल्या बऱ्याच अभ्यासांत जुने कागद काढून मागाहून नोंदी केल्या गेल्या, रुग्णाला विचारणारा डॉक्टर बहुतेकदा शस्त्रक्रिया करणाऱ्याच पथकातला होता, आणि ‘आराम’ म्हणजे नेमकं काय हे मोजायला एकच ठरलेली पट्टी नव्हती. शिवाय कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही महिन्यांत बरं वाटण्याचं प्रमाण जास्त असतं. ‘आत काहीतरी आहे’ ही भीती गेली की दुखण्याची धारही कमी होते. म्हणून तीन महिन्यांनंतरचं उत्तर आणि दोन वर्षांनंतरचं उत्तर वेगळं येऊ शकतं. विचारायचं असेल तर दोन वर्षांनंतरचं विचारावं.

गाठी मुख्यतः तीन प्रकारच्या. सर्वांत जास्त आढळणारी हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्पंजसारखा गुच्छ. दुसरी फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया, थोडक्यात एफएनएच. यात लिव्हरच्याच पेशी एका चुकीच्या रक्तवाहिनीभोवती वाढून गाठ होते, आणि मध्ये अनेकदा चांदणीसारखा व्रण दिसतो. तिसरी अडेनोमा. ही तशी दुर्मीळ, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांशी आणि लठ्ठपणाशी नातं असलेली, आणि तिघींत एकटीच अशी की जिच्यात रक्तस्राव होण्याचा किंवा पुढे कर्करोग होण्याचा धोका खरोखर गांभीर्याने घ्यावा लागतो. तिघीही स्त्रियांत जास्त आढळतात.

हा फरक इथे महत्त्वाचा आहे, कारण शस्त्रक्रियेचं कारण प्रत्येकीत वेगळं असतं. अडेनोमा बऱ्याचदा धोका टाळण्यासाठी काढतात, मग दुखो वा न दुखो. युरोपीय यकृत अभ्यास संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुरुषांतला अडेनोमा आकार न पाहता काढावा. स्त्रियांत आधी गोळ्या बंद करून, वजन कमी करून ६ महिने वाट पाहावी. त्यानंतरही गाठ ५ सेंटिमीटर किंवा मोठी असेल किंवा वाढत असेल तर काढावी. बीटा-कॅटेनिन नावाच्या जनुकातला बदल सिद्ध झाला असेल तर स्त्रियांतही आकाराची अट नाही. हिमँजिओमा आणि एफएनएच यांचा कर्करोग होत नाही आणि त्या आपोआप फुटणं अत्यंत विरळ आहे, त्यामुळे तिथे शस्त्रक्रियेचं जवळपास एकमेव कारण म्हणजे त्रास. म्हणून ‘त्रास खरंच गाठीचा आहे का?’ हा प्रश्न याच दोघींत सर्वांत जास्त ताणून विचारायला हवा.

आता दुखणं येतं कुठून ते पाहू. लिव्हरच्या आतल्या मांसल भागाला वेदना जवळजवळ जाणवतच नाही. वेदना जाणवते ती त्याच्यावरच्या पातळ आवरणाला. हे आवरण ताणलं गेलं किंवा त्याला सूज आली की उजव्या बरगडीखाली बोथट, दाब दिल्यासारखं दुखतं. लिव्हरचा वरचा भाग डायफ्रॅमला, म्हणजे श्वासपटलाला टेकलेला असतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून तिथली वेदना कधी कधी उजव्या खांद्यात जाणवते. लिव्हरच्या पोटात खोल असलेली ३ सेंटिमीटरची गाठ आवरणापर्यंत पोहोचतच नाही. ती दुखण्याचं कारण असण्याची शक्यता फार कमी, मग रिपोर्टमध्ये तिचं नाव कितीही ठळक छापलेलं असो.

आकाराचा विचार करताना एक गोष्ट सहज निसटते. रिपोर्टमध्ये व्यास लिहिलेला असतो, पण आवरणाला आणि शेजारच्या अवयवांना जाणवतं ते घनफळ. ५ सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीचं घनफळ साधारण ६५ मिलिलिटर भरतं. १० सेंटिमीटरच्या गाठीचं सव्वापाचशे मिलिलिटर, १५ सेंटिमीटरच्या गाठीचं पावणेदोन लिटरच्या पुढे. व्यास दुप्पट झाला की घनफळ आठपट होतं. हिमँजिओमाला ५ सेंटिमीटरपासूनच ‘जायंट’ म्हणण्याची पद्धत आहे. या शब्दानेच अनेक जण घाबरतात, पण त्या आकाराच्या बहुतेक गाठी मुकाट्याने पडून असतात.

जागाही तितकीच बोलकी. लिव्हरचा डावा टोकाकडचा भाग जठरावर टेकलेला असतो. तिथल्या मोठ्या गाठीमुळे चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं, मळमळतं, वजन उतरतं. हा दाब गाठ काढल्यावर खात्रीने जातो, कारण इथे कारण आणि परिणाम सरळ एका रेषेत आहेत. देठावर लोंबणाऱ्या गाठीला पीळ पडून, किंवा गाठीच्या आत रक्त गोठून किंवा रक्तस्राव होऊन अचानक आलेली तीव्र कळ, आणि स्कॅनमध्येही त्याच वेळी दिसलेला बदल, ही जोडीही भरवशाची. मोठ्या हिमँजिओमात प्लेटलेट अडकून रक्तातल्या प्लेटलेट घसरणं हा कॅसाबाख-मेरिट नावाचा प्रकार फार दुर्मीळ, पण तो झाला तर गाठ काढण्याला पर्याय शोधत बसत नाहीत.

याउलट काही तक्रारींचं खापर गाठीवर सहज फुटतं, पण मूळ दुसरीकडे असतं. तेलकट खाल्ल्यावर तासा-दोन तासांनी येणारी आणि मग ओसरणारी कळ पित्तखड्यांची असू शकते. उपाशीपोटी किंवा रात्री होणारी जळजळ आम्लाची किंवा अल्सरची. शौचाला जाऊन आल्यावर हलकं वाटणारं दुखणं आतड्याचं. एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल तर पोटाच्या भिंतीचा किंवा बरगडीच्या कुर्चेचा संशय घ्यावा. यासाठी एक साधी तपासणी आहे, तिला कार्नेटची खूण म्हणतात. रुग्णाला उताणं झोपवून दुखऱ्या जागी बोट ठेवायचं आणि डोकं-खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ झाले की आतले अवयव त्यांच्यामागे झाकले जातात, त्यामुळे आतलं दुखणं तेवढंच राहतं किंवा कमी होतं. दुखणं वाढलं तर ते भिंतीचं असण्याची शक्यता जास्त. तपासणीला मिनिटही लागत नाही आणि ती अनेकदा केलीच जात नाही, याचं वाईट वाटतं.

म्हणून हिमँजिओमा किंवा एफएनएचसाठी शस्त्रक्रिया ठरवण्याआधी चार आठवड्यांची वेदनेची वही ठेवावी. रोज ० ते १० पैकी किती दुखलं, कधी, किती वेळ, खाण्याशी संबंध होता का, शौचाशी होता का, वाकल्यावर किंवा कुशीवर झोपल्यावर वाढलं का, कुठल्या गोळीने कमी झालं. सोबत पित्ताशयाची नीट सोनोग्राफी, जठराची एंडोस्कोपी, आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळीचा ४ ते ८ आठवड्यांचा प्रयोग. त्या गोळीने दुखणं अर्ध्यावर आलं, तर लिव्हरला हात लावायची घाई नको. गाठीचा प्रकारही पक्का करून घ्यावा. लिव्हरच्या पेशींत शिरणारं विशेष कॉन्ट्रास्ट औषध देऊन केलेल्या एमआरआयमध्ये एफएनएच ते औषध धरून ठेवते आणि बहुतेक अडेनोमा सोडून देतात. या एका फरकावर पुढची सगळी दिशा बदलते.

या वहीचा दुसरा उपयोग शस्त्रक्रियेनंतर होतो. आधीचे आकडे लिहिलेले नसतील तर वर्षभराने ‘आधीपेक्षा बरं आहे का?’ या प्रश्नाला आठवणीतून उत्तर द्यावं लागतं, आणि दुखण्याची आठवण फार लवकर पुसट होते.

शस्त्रक्रियेतल्या ज्या गोष्टी पुढच्या आरामावर परिणाम करतात तेवढ्याच इथे सांगतो. हिमँजिओमा आणि निरोगी लिव्हर यांच्यामध्ये दबलेल्या ऊतीचा एक पातळ थर असतो. त्या थरातून गाठ सोलून काढता येते आणि निरोगी भाग जवळजवळ सगळा वाचतो. अडेनोमा मात्र भोवतीच्या लिव्हरच्या थोड्या भागासकट काढतात. निरोगी लिव्हर असेल तर एकूण घनफळाच्या २५ ते ३० टक्के भाग मागे उरला तरी माणूस तगतो, कारण उरलेला भाग वाढतो. ही वाढ पहिल्या काही दिवसांतच सुरू होते आणि बरीचशी दोन-तीन महिन्यांत पूर्ण होते. कापलेला तुकडा पुन्हा उगवत नाही. उरलेलाच भाग जाड होतो आणि थोडा वळून नवी जागा घेतो. पुढच्या स्कॅनमध्ये लिव्हरचा आकार विचित्र दिसला तर त्यामागे हेच असतं.

छेद कसा घेतला हे मात्र वर्षानुवर्षं लक्षात राहतं. बरगडीखालून आडव्या मोठ्या छेदात पोटाच्या भिंतीच्या नसा कापल्या जातात. छेदाच्या खालची त्वचा बधिर होते आणि काहींमध्ये तो बधिरपणा कायम राहतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छिद्रं लहान असतात आणि गाठ बाहेर काढायला ओटीपोटात खाली आडवा छेद घेता येतो. तिथे हर्नियाचं प्रमाण कमी आणि दुखणंही कमी. गाठीची जागा आणि पथकाचा अनुभव परवानगी देत असेल तर साध्या गाठीसाठी दुर्बिणीचा पर्याय आग्रहाने विचारावा. साध्या गाठीसाठी आयुष्यभराची दुखरी जखम घेणं हा महागडा सौदा आहे.

त्यानंतरचे दिवस साधारण असे जातात. दुर्बिणीनंतर २ ते ४ दिवस रुग्णालयात, मोठ्या छेदानंतर ५ ते ८. पहिल्याच किंवा दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवतात, चालवतात. दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दोन-तीन दिवस दुखतो, मग थांबतो. लिव्हरचे एन्झाइम पहिल्या दोन दिवसांत बरेच वाढतात आणि आठवड्याभरात उतरू लागतात. पॅरासिटामॉल चालतं, पण प्रौढांसाठीची दिवसाला ४ ग्रॅमची कमाल मर्यादा मोठा भाग काढल्यावर अनेक ठिकाणी २ ते ३ ग्रॅमवर आणतात, म्हणून मात्रा डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्यावी. ६ आठवडे ४-५ किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. मोठा छेद असेल तर ही मुदत ८ ते १२ आठवड्यांपर्यंत जाते. थकवा याहून चिवट असतो. दुपारी अंग गळून जाणं दोन-तीन महिने चालू शकतं आणि ते बिघाडाचं लक्षण नव्हे.

बिघाडाची लक्षणं वेगळी: ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, डोळे पिवळे होणं, जखमेतून किंवा ड्रेनमधून (पोटातला द्रव बाहेर काढणारी नळी) हिरवट-पिवळा स्राव, पोटरी सुजणं, अचानक धाप लागणं, काळी शौच, उलट्यांबरोबर वायू सरणं बंद होणं. यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नये. कापलेल्या पृष्ठभागावरून पित्त गळणं ही या शस्त्रक्रियेची खास गुंतागुंत. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनमधल्या द्रवातलं बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं रंगद्रव्य, रक्तातल्यापेक्षा तिप्पट किंवा जास्त असेल तर पित्तगळती मानतात. बरीच गळती ड्रेन ठेवून आपोआप बंद होते. काहींत तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट ठेवावा लागतो. गळती होऊन बरी झालेल्यांना नंतरही काही महिने उजवीकडे ओढल्यासारखं वाटू शकतं.

तीन महिने उलटल्यावरही दुखत असेल तर पुढचा प्रश्न: हे जुनंच दुखणं आहे की नवं? बोलताना दोन्ही ‘पोट दुखतंय’ याच शब्दांत येतात, म्हणून गल्लत होते.

नव्यांमध्ये पहिलं नसेचं. छेदाच्या रेषेवर जळजळ, करंट लागल्यासारखी चमक, कपडा घासला तरी झोंबणं. शस्त्रक्रियेनंतर ३ महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला दीर्घकालीन म्हणतात, आणि त्यातल्या नसेच्या दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन, लिडोकेनची पट्टी, नसेजवळ सुन्न करणारं इंजेक्शन हे उपाय आहेत. इंजेक्शनने काही तास पूर्ण आराम पडला तर निदानही झालं. दुसरं हर्नियाचं: उभं राहिल्यावर किंवा खोकल्यावर छेदाजवळ फुगवटा, दिवसभरात वाढणारा, झोपल्यावर आत जाणारा. तो एक-दोन वर्षांनीही दिसू शकतो. तिसरं आतडी चिकटल्याचं: मधूनमधून पिळवटून दुखणं, पोट फुगणं, उलटी. चौथं जठराचं, मुख्यतः लिव्हरचा डावा भाग काढल्यावर. जठर कापलेल्या पृष्ठभागाकडे सरकून तिथे चिकटतं, त्याचं रिकामं होणं मंदावतं, आणि थोडं खाल्लं की पोट भरतं. शस्त्रक्रियेआधीची तक्रारही हीच असेल तर माणसाला वाटतं गाठ पुन्हा आली. बहुधा तसं नसतं.

पित्ताशयाचा मुद्दा स्वतंत्र सांगावा लागतो. लिव्हरचा उजवा किंवा मधला भाग काढताना पित्ताशय बहुतेकदा सोबत काढतात. त्यानंतर काहींना पातळ शौच होते, कारण पित्त आता साठून न राहता सतत आतड्यात उतरतं. उलट, आधीचं दुखणं जर पित्तखड्यांचंच असेल तर ते या शस्त्रक्रियेने थांबतं आणि श्रेय गाठ काढल्याला मिळतं. पाचातल्या चौघांचा आकडा पाहताना हेही ध्यानात असावं.

आणि जुनंच दुखणं, त्याच जागी, त्याच स्वभावाचं, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने परतलं, तर त्याचा सर्वांत शक्य अर्थ असा की ते गाठीचं नव्हतंच. हे ऐकायला कठीण जातं, कारण माणूस मोठ्या शस्त्रक्रियेतून गेलेला असतो. पण ते मान्य केलं तरच पुढचे उपचार सुरू होतात: आम्लाचे, आतड्याचे, बरगडीचे. पूर्ण काढलेला हिमँजिओमा किंवा एफएनएच त्याच जागी पुन्हा वाढणं फार विरळ, आणि एक स्कॅन ते स्पष्ट करतो. दर सहा महिन्यांनी नवा स्कॅन करत राहिल्याने दुखणं थांबत नाही, धास्ती मात्र वाढते.

अडेनोमाचं पाहणं चालू ठेवावं लागतं. एकाच लिव्हरमध्ये अनेक अडेनोमा असू शकतात आणि मोठा काढल्यावर लहान मागे राहिलेले असतात. इस्ट्रोजेनच्या गोळ्या पुन्हा सुरू करू नयेत; तांबी किंवा इतर पर्यायांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं. वजन आटोक्यात ठेवण्याचा इथे थेट उपयोग आहे, कारण काही अडेनोमा वजन उतरल्यावर आक्रसतात. गर्भारपणाचा विचार असेल तर आधी लिव्हरच्या डॉक्टरांना सांगावं. काढलेल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट, उपप्रकारासकट, जपून ठेवावा. पुढचे स्कॅन किती अंतराने करायचे हे त्यावरूनच ठरतं.

शस्त्रक्रिया न करता गाठीची धमनी बंद करण्याचा उपायही आहे, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. रक्तस्राव होणाऱ्या अडेनोमात तो जीव वाचवतो. हिमँजिओमाच्या दुखण्यासाठी केल्यावर पहिले काही दिवस ताप आणि वेदना येतात, मग आराम पडू शकतो. पण गाठ जागेवरच राहते आणि काहींत काही काळाने दुखणं परततं. मोठ्या शस्त्रक्रियेचा धोका घेता येत नाही अशांसाठी तो योग्य.

वर्षभराने पुन्हा दुखत असेल तर क्रम असा ठेवावा. आधी जुनी वही काढून दुखण्याचा स्वभाव ताडून पाहावा. मग उताणं झोपून कार्नेटची खूण आणि उभं राहून हर्निया तपासून घ्यावा. रक्तात लिव्हरचे एन्झाइम आणि बिलिरुबिन पाहावं. ते वाढलेले असतील तर पित्तनलिका अरुंद झाली आहे का हे एमआरआयने बघावं. ते नॉर्मल असतील तर एंडोस्कोपी. स्कॅन एकदा, आणि तो शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या स्कॅनशी ताडून. त्यासाठी त्या पहिल्या स्कॅनची सीडी आणि शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणं घरात एका फाइलमध्ये असायला हवीत.